बदलापूरहून ऐरोलीला रोज ये-जा जमते का?

कृष्णाकाठ
नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, चार वर्षं पुण्यात कंपनीच्या बसने ऑफिसला जायचे. पुढच्या महिन्यात ऐरोलीत रुजू होतेय, वेळ साडेनऊ ते साडेसहा. नवऱ्याला अंबरनाथ एमआयडीसीत काम मिळालंय, म्हणून बदलापूर पूर्वेला भाड्याचं घर बघतोय. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मोबाईल म्हणतो तासाभराचा प्रवास. रोज करणाऱ्यांनी खरं काय ते सांगा. लोकलची मला अजिबात सवय नाही.

घाटमाथा
मी सहा महिने बाईकने गेलो. काटई रस्ता, शिळफाटा, महापे, ऐरोली. शिळफाट्याला अवजड ट्रकच्या मधून गाडी काढावी लागते, पावसात तर खड्डा कुठे आणि पाणी कुठे कळत नाही. एकदा घसरलो आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेचा पास काढला. रस्त्याचा विचारच करू नका.

चौथी सीट
अगं, तू माझ्यापेक्षा लहान असणार, म्हणून एकेरीत लिहिते. २०१३ पासून मी हाच प्रवास करते. बदलापूर ते ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली. जमतं, पण तो तासाभराचा आकडा डोक्यातून काढ. दाराला कुलूप लावल्यापासून धर: शेअर रिक्षा, फलाटावर पंधरा मिनिटं, ठाण्यापर्यंत पाऊण तास, तिथे गाडी बदलायला वीस मिनिटं, पुढे ऐरोली दहा मिनिटं, मग चालणं. जाताना पावणेदोन तास, येताना दोन.

बदलापूर-ठाणे अंतर जेमतेम ३४ किलोमीटर. पण कल्याणपासून ठाण्याकडे सहा मार्गिका आहेत आणि आपल्या बाजूला दोनच. लोकल, पुण्याच्या गाड्या, मालगाड्या, सगळं त्या दोन रुळांवरून. मेल पुढे काढली की आपली गाडी सिग्नलला उभी. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या भरवशावर आज घर ठरवू नकोस.

सकाळी बदलापूरहूनच सुटणारी गाडी धर. कर्जत-खोपोलीची गाडी येते तीच भरून. बदलापूर लोकलमध्ये जागा मिळते, म्हणून अंबरनाथच्या बायका उलट्या बदलापूरला येऊन बसतात. त्यावरून भांडणं होतात, तू त्यात पडू नकोस. बसायला नाही मिळालं तर बसलेलीला विचार, ‘कुठे उतरणार?’ ती डोंबिवली म्हणाली की डोंबिवलीनंतर ती जागा तुझी, हे सगळ्या जणी पाळतात. तिघींच्या बाकावर चौथी बसते, अर्धी मांडी बाहेर, पाय वाटेत. पोटुशी असताना पाचव्या महिन्यात मी अशीच टेकले होते, तर कल्याणला चढलेल्या एका बाईने माझा चेहरा बघितला आणि खिडकीतल्या मुलीला उठवून मला तिथे बसवलं. तिचं नाव मला अजून माहीत नाही.

ठाण्यात फास्ट गाडी फलाट ५-६ ला लागते आणि ऐरोलीची ९-१० वरून सुटते. डोंबिवली गेली की दाराकडे सरकायला लाग. सॅक पाठीवरून पोटावर घे, ओढणी पट्ट्याखाली खोच. मुंब्र्याला उठलीस तर उतरणं होत नाही, चढणाऱ्या बायका परत आत लोटतात. माझी एक चप्पल तशीच दिव्या-ठाण्याच्या मधे गेलीय. २०२४ च्या मेअखेरीला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ५-६ चा फलाट रुंद केला, तेव्हापासून जिन्यापर्यंत निदान पोचता तरी येतं.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. दारात उभं राहायचं नाही. आत शिरता येत नसेल तर ती गाडी सोडायची. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. त्या सोमवारी आमची गाडी मागे थांबून होती. डब्यात एकेकीचा फोन वाजायला लागला. सासू, आई, मुलगा, जो तो एवढंच विचारत होता, ‘तू आहेस ना?’ माझ्या शेजारच्या बाईला बोलता येईना, तिच्या मुलाशी मी बोलले. तेव्हापासून मी गाडी सोडते. दोनदा अर्धा दिवस कापला गेला, तरी सोडते.

मुलीसाठी मात्र नीट बस आणि ठरव. तुमच्यातला एक जण गर्दीबरोबर जाणार आहे, दुसऱ्याला गर्दीच्या उलट जाता येईल. सकाळी ठाण्याकडून अंबरनाथला जाणाऱ्या गाडीत बसून जाता येतं. कळवा, ऐरोली किंवा दिघ्याला घर घेतलंत (दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ पासून सुरू आहे) तर तू अर्ध्या तासात घरी आणि नवरा उलट्या दिशेने बसून. भाडं जास्त पडेल, खोल्या लहान मिळतील. पण दिवसाचे दोन-तीन तास तुझ्या मुलीला मिळतील. मला हे २०१३ मध्ये कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

कृष्णाकाठ
ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणतो उलट जायला त्याची हरकत नाही, पण मुलीला ताप आला तर अंबरनाथहून बदलापूरला तो पटकन पोचेल, ठाण्याच्या बाजूला कोण पोचणार?

चौथी सीट
ऐरोलीत घर असेल तर तू पोचशील, रिक्षाने. बदलापूरला असेल तर तो. म्हणजे दोन्हीकडे कोणीतरी आहेच. पण पावसाळा धर. २६ जुलै २०१९ च्या संध्याकाळी मी ऐरोलीहून निघाले आणि कल्याणच्या पुढे सरकलेच नाही. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजारावर लोकांना बोटींनी काढलं. मी रात्रभर कल्याणला मैत्रिणीकडे, मुलगा शेजारच्या काकूंकडे. त्यांनी त्याला वरण-भात भरवून झोपवलं होतं. तेव्हा कुठेही घर बघायला गेलात तर दोघांना यायला उशीर झाला की मुलीला कोण बघेल, ते आधी विचारा. पंख्याचे पॉइंट नंतर मोजा.

आणि एका सकाळी साडेसातला बदलापूर स्टेशनवर ये, माझ्याबरोबर ऐरोलीपर्यंत चल, संध्याकाळी परत. मग ठरव. गुरुवारी मी नेहमीच्या लेडीज डब्यात आहे. कुठे उभं राहायचं ते मेसेजमध्ये कळवते.