मेहुणा की मेव्हणा, आणि नक्की कोणाचा कोण?

‘मेहुणा आलाय’ एवढंच कोणी सांगितलं, तर आलेला माणूस बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा? मराठीत दोन्ही अर्थ चालतात आणि दोन्ही बरोबर आहेत. हिंदीत ही अडचण येत नाही. तिथे बायकोचा भाऊ साला आणि बहिणीचा नवरा जीजा किंवा बहनोई. त्यामुळे इथे मराठी तोकडी पडते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जी भाषा दीर, जाऊ, नणंद, भावजय, साडू अशी एकेक खुंटी वेगळी ठोकते, ती नेमकी इथेच आळसावली असेल?

त्या दोघांच्या बाजूनं पाहा. माझ्या बहिणीचा नवरा माझा मेहुणा. त्याच्या दृष्टीनं मी त्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे मीही त्याचा मेहुणाच. शब्द दोन्ही टोकांकडून सारखाच वाचता येतो. सासरा-जावई, मामा-भाचा या जोड्यांत तसं नाही. तिथे दोन टोकांना दोन नावं. मेहुणा हे साडूसारखं परस्परांचं नातं आहे. म्हणजे एका शब्दाला दोन अर्थ नाहीत, एकच अर्थ आहे: लग्नानं जोडला गेलेला बरोबरीचा पुरुष.

व्युत्पत्तीही तिकडेच नेते. मूळ संस्कृत शब्द ‘मैथुन’, त्याला ‘क’ लागून ‘मैथुनक’. हे वाचून पुष्कळांच्या भुवया वर जातात, पण बिचकण्याचं कारण नाही. ‘मिथुन’ म्हणजे जोडी. ‘मा निषाद’ या श्लोकातलं क्रौंचमिथुन म्हणजे क्रौंच पक्ष्यांची जोडी, आणि राशीचक्रातलं मिथुनही जोडीच. त्यावरून आलेल्या ‘मैथुन’ला लग्नसंबंधाचाही अर्थ होता, आज उरलेला अर्थ त्यातला एक तुकडा आहे. ध्वनीचा प्रवास सरळ आहे. प्राकृतात ‘ऐ’चा ‘ए’ होतो, दोन स्वरांमधल्या ‘थ’चा ‘ह’ (नाथचा नाह होतो तसा) आणि ‘न’चा ‘ण’. मैथुनचं मेहुण झालं.

आणि हे ‘मेहुण’ मराठीत अजून जसंच्या तसं आहे! कुळधर्माला, नवरात्रात किंवा अधिक महिन्यात ‘मेहुण जेवायला सांगितलंय’ म्हणतात तेव्हा नवरा-बायकोची जोडी अभिप्रेत असते. शब्द नपुंसकलिंगी: एक मेहुण, पाच मेहुणं. ज्यांना वाटतं की मेहुण म्हणजे मेहुण्याला दिलेलं जेवण, त्यांनी घरातल्या आजीला विचारावं.

दक्षिणेत हाच शब्द आणखी पसरला. कन्नडमधला ‘मैदुन’ प्रामुख्यानं धाकटा दीर. तमिळमधला ‘मैत्तुनन्’ बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा आणि शिवाय मामेभाऊ-आतेभाऊसुद्धा. हे शेवटचं विचित्र वाटेल, पण जिथे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असते तिथे ते अगदी तर्काला धरून आहे. मामाची मुलगी बायको झाली की मामेभाऊ आपोआप बायकोचा भाऊ होतो, आणि त्याच्या बाजूनं आतेभाऊ बहिणीचा नवरा. महाराष्ट्रातही अनेक समाजांत ही रीत आहे. साटंलोटं झालं, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या बहिणी केल्या, तर दोन्ही अर्थ एकाच माणसात येतात आणि वेगळ्या शब्दाची गरजच संपते.

बायकांच्या बोलण्यात मात्र हा शब्द आखडतो. बहिणीचा नवरा तेवढा मेहुणा. नवऱ्याचा भाऊ दीरच. मेहुणी तर त्याहून अरुंद: बायकोची बहीण, बस्स. भावाची बायको भावजय किंवा वहिनी, तिला कोणी मेहुणी म्हणत नाही.

रोजच्या बोलण्यात घोळ फारसा होत नाही, कारण वचन मदतीला येतं. पुरुषाच्या तोंडी ‘माझे मेहुणे’ असं आदरार्थी आलं तर बहुधा बहिणीचा नवरा, ‘माझा मेहुणा’ आलं तर बहुधा बायकोचा भाऊ. नियम नव्हे, कल. जावयाच्या मानाचं पारडं व्याकरणातही जड! लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा हक्क मात्र नवरीच्या भावाचा, त्यामुळे एकेरीतल्या मेहुण्याची थोडी भरपाई होते. समोरासमोर हाक मारताना ‘अहो मेहुणे’ क्वचितच. तिथे दाजी, भावोजी किंवा सरळ नाव. ‘साला’ची मराठीत शिवी झाली आणि ‘शालक’ पुस्तकी राहिला, म्हणून बायकोच्या भावाची ओळख करून द्यायला हाच एक निर्मळ शब्द हाताशी आहे.

आता मेहुणा की मेव्हणा? ‘पाहुणा’चं ‘पाव्हणा’ होतं तसंच हे. ‘हु’मधला उकार ‘व’ होऊन ‘ह’च्या पुढे उडी मारतो, जिह्वाची जिव्हा आणि विह्वलचं विव्हल करणाऱ्या मराठी जिभेला ते सोपं जातं. गंमत अशी की ‘पाव्हणा’ला आपण गावरान ठरवलं आणि ‘मेव्हणा’ला शहरात, छापील मजकुरातही बसवून घेतलं. मी मेहुणा लिहितो, कारण त्याशेजारी मेहुण दिसतं. ‘मेव्हणा’ लिहिणाऱ्याला चूक म्हणणार नाही. पण मग ‘पाव्हणा’लाही हसू नये.