संसर्ग झालेल्या जखमेवर प्रतिजैविकांऐवजी मध चालेल का?

रानवाट:
नमस्कार. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाच्या अंगठ्याजवळची जखम बरेच दिवस भरत नव्हती आणि आता तिच्यातून पू येऊ लागला आहे. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी पोट बिघडते, म्हणून त्या बंद करून घरचा मध लावावा, असे काकांचे म्हणणे आहे. याला काही वैद्यकीय आधार आहे का?

नंदादीप:
मधाला आधार आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे काम आपल्या सोलापूरचे आहे. तेथील वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजलेल्या जखमांवरचे नेहमीचे मलम लावून केलेली तुलना १९९१ साली ब्रिटनमधील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या होत्या. मधात सुमारे ८० टक्के साखर असल्यामुळे तो जंतूंमधील पाणी शोषून घेतो, तो आम्लधर्मी असतो, आणि जखमेतील स्रावाने पातळ झाला की मधमाश्यांकडून त्यात आलेल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक थोडेथोडे तयार होत राहते. न्यूझीलंडच्या ‘मनुका’ नावाच्या झुडपाच्या फुलांपासून बनलेल्या मधाची ताकद मात्र मुख्यतः मिथिलग्लायॉक्सल या वेगळ्या द्रव्यात आहे.

शल्यविभागातील परिचारिका:
वरील माहिती योग्य आहे, परंतु ती आपल्या वडिलांच्या जखमेला जशीच्या तशी लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मधुमेहींच्या पायातील संसर्ग वरून लहान दिसला तरी आत स्नायुबंध आणि हाडापर्यंत गेलेला असू शकतो, आणि तेथे वरून लावलेला मध पोहोचत नाही. उपचारांवरील अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही भाजलेल्या काही जखमा आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमा यांबाबत मधाच्या बाजूने बरा पुरावा आढळला. मधुमेही पायाच्या जखमांबाबत तसे ठामपणे म्हणता आले नाही.

शिवाय घरच्या मधात गंभीर संसर्ग घडवू शकणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू (त्यांची टिकाऊ, सुप्त रूपे) असू शकतात. मध तापवला तर उपयोगी विकर नष्ट होते, म्हणून जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. पोटाची तक्रार डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देऊ शकतात, आणि पू तपासणीला पाठवायचा का तेही विचारा. लाली पसरत असेल, ताप असेल किंवा कातडी काळी पडत असेल, तर आजच रुग्णालय गाठा.

रानवाट:
मनःपूर्वक आभार. गोळ्या चालू ठेवून निर्जंतुक मधाची पट्टी वापरता येईल का?

शल्यविभागातील परिचारिका:
डॉक्टरांनी जखम उघडून, मृत पेशी काढून परवानगी दिल्यास येईल. स्राव जास्त असताना मध वाहून जातो, त्यामुळे पट्टी रोज बदलावी लागते. काहींना लावल्यावर आग होते. ती थांबली नाही तर पट्टी काढून जखम सलाइनने धुवावी आणि डॉक्टरांना कळवावे.