वाचनालयाची वर्गणी परदेशात किती असते?

चोपडेकर: काल नातीला घेऊन गावच्या वाचनालयात गेलो. अनामत ५००, महिना ५०. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी शेजारीण आकडा ऐकून पोरीचा हात धरून तशीच माघारी फिरली. पोरीच्या हातातलं पुस्तक टेबलावरच राहिलं. जीवाला लागलं. बाहेर काय पद्धत आहे?

धुळ्याची ताई: भाऊ, मुलगा लंडनला आहे. तिथे पुस्तक घरी न्यायला पैसे लागत नाहीत, १९६४ चा कायदाच तसा आहे.

यावलकर: नेदरलँड्समध्ये मोठ्यांना वार्षिक वर्गणी असते, १८ वर्षांखालील मुलांना नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तर २०२१ मध्ये उशिराचा दंडही बंद केला.

चोपडेकर: मुलांना वर्गणी नको, हे पटलं. सोमवारी कार्यकारी मंडळाला अर्ज देतो. तोवर त्या पोरीची अनामत मी भरतो.