मदत हवी आहे: सेल डीडवर १०६० फूट, आत मोजले तर ७२५. किंमत आणि टॅक्स नेमका कशावर?

त्रिमूर्तीनगरची_लेक:

नमस्कार मंडळी. आईचा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातला टू बीएचके विकायचा आहे. ग्राहक चांगले आहेत, नुकतंच लग्न झालेलं जोडपं. बोलणी ५३ लाखांपर्यंत आली होती, पण आता सगळं क्षेत्रफळावर अडलंय.

बाबांनी २००४ मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा ‘१०६० फुटाचा’ म्हणून घेतला. आम्ही ५३ लाख सांगितले तेही १०६० गुणिले ५,००० असा हिशेब करून. ग्राहकांच्या बँकेचा व्हॅल्युअर येऊन मोजून गेला आणि म्हणाला, कार्पेट (आतली वापरायची जागा) ७२५ फूट. त्यावर ते म्हणतात, मग ७२५ गुणिले ५,००० म्हणजे ३६ लाख २५ हजार द्यायला हवेत. आई हे ऐकून फार दुखावली. तिला वाटतंय की तेव्हा बाबांना फसवलं आणि आता आपण या पोरांना फसवतोय.

रविवारी मी आणि भावाने स्वतः टेप धरला. बिल्डरच्या माहितीपत्रकात हॉल ११ फूट रुंद आहे, आमच्या टेपवर या प्लास्टरपासून त्या प्लास्टरपर्यंत १० फूट ४ इंच. प्रत्येक खोलीत असेच सहा-आठ इंच कमी. बाल्कनी ५८ फूट, तिला आम्ही स्लायडिंग खिडक्या लावून बंद केलं आहे. ती सोडून बेरीज ७२५च्या अगदी जवळ येते, म्हणजे व्हॅल्युअर बरोबर आहे.

मग कागद काढले. सेल डीडमध्ये दोन आकडे आहेत: बिल्टअप ८२.५० चौरस मीटर, म्हणजे ८८८ फूट. आणि सुपर बिल्टअप १०६० फूट. मनपाच्या घरटॅक्सच्या डिमांडवर (बिलावर) मात्र क्षेत्रफळ ९८.४८ चौरस मीटर लिहिलंय. १०.७६४ने गुणलं तर तेही बरोबर १०६० फूट! म्हणजे इतकी वर्षं जिन्याचा आणि पार्किंगचा हिस्सा धरून आम्ही घराचा टॅक्स भरतोय का? त्या वेळी आकारणीचा फॉर्म बिल्डरनेच सगळ्या फ्लॅटधारकांतर्फे भरून दिला होता, एवढं आईला आठवतं.

जाणकारांनी कृपया सांगावं:
किंमत कोणत्या आकड्यावर ठरवणं न्याय्य आहे? टॅक्सचं क्षेत्रफळ कमी करून मिळतं का, आणि ते विक्रीच्या आधी करावं की नंतर? नव्या विक्रीपत्रात कोणता आकडा लिहायचा? ग्राहकांचं नुकसान व्हायला नको आणि आईचंही.

नकाशा_वाचक:

ताई, बँकांसाठी मूल्यांकनाचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आईंना आधी हे सांगा की तिन्ही आकडे एकाच घराचे आहेत. कार्पेट म्हणजे आतली वापरायची जमीन. बिल्टअपमध्ये भिंतींची जाडी आणि बाल्कनी येते. जुन्या स्कीममध्ये बाहेरच्या भिंती नऊ इंची असतात, त्यामुळे हा फरक मोठा दिसतो. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा हिस्सा चढवतात. तुमच्याकडे ८८८वर १०६० म्हणजे साधारण १९ टक्के चढवलेत. सुपर बिल्टअप मोजायची कायद्यात ठरलेली रीत नाही, बिल्डर लावेल तो टक्का. म्हणून त्या आकड्यावरून दोन घरांची तुलना करू नका.

ग्राहकांची चूक एवढीच की ५,००० हा दर सुपर बिल्टअपचा आहे आणि तो त्यांनी कार्पेटला लावला. तुमचे ५३ लाख म्हणजे बिल्टअपवर फुटाला सुमारे ५,९७० आणि कार्पेटवर ७,३१०. आता प्रश्न एकच उरतो: तुमच्या भागात वीस वर्षं जुन्या घराला कार्पेटवर ७,३१० भाव मिळतोय का? त्यासाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जाऊन आजूबाजूच्या स्कीमच्या अलीकडच्या विक्रीची सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहा. तिथे क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. फक्त क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप ते नीट वाचा. चार-पाच नोंदी काढून ग्राहकांसमोर ठेवा, भांडण तिथेच मिटेल.

बंद केलेली बाल्कनी मात्र खोली म्हणून विकू नका. मंजूर नकाशात ती उघडी असेल तर मूल्यांकनात आम्ही बाल्कनीच धरतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. नागपुरात बहुतेक फ्लॅट अपार्टमेंट कायद्याखाली विकले जातात, त्यामुळे सेल डीडमध्ये जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो. जुन्या इमारतीत खरी किंमत हळूहळू त्या हिश्श्याकडे सरकते, कारण उद्या पुनर्विकास झाला तर तोच मोजला जाईल. सारख्याच कार्पेटच्या दोन घरांत प्लॉट मोठा आणि फ्लॅट कमी असतील ते घर जास्त मोलाचं. तुमचा टक्का किती?

गोधनी_ते_सीताबर्डी:

मधेच विचारतो, माफ करा. ५०० फुटांपर्यंतच्या घराचा टॅक्स माफ आहे ना? माझा फ्लॅट ४६० फूट कार्पेट आहे, तरी डिमांड येऊन राहिली.

नकाशा_वाचक:

ती सवलत मुंबई महापालिकेच्या हद्दीतली आहे भाऊ, २०२२ची. नागपूरला लागू नाही. डिमांड भरून टाका.

झोन_काउंटर:

मी मनपातून निवृत्त झालो. टॅक्सचं मी सांगतो.

घरटॅक्स बाजारभावावर नसतो, वार्षिक भाडेमूल्यावर असतो. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वस्ती, वापर यांवरून वर्षाचं भाडेमूल्य काढतात, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. क्षेत्रफळ या हिशेबाच्या अगदी मुळाशी असतं, त्यामुळे ८२.५०च्या जागी ९८.४८ बसलं तर पुढचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात फुगतो. तुमचा संशय रास्त आहे.

पण लगेच अर्ज करू नका. आधी लक्ष्मीनगर झोनमधून कर आकारणीचा उतारा घ्या. क्षेत्रफळ कोणत्या प्रकारचं धरलंय आणि वापराच्या रकान्यात ‘स्वतः’ आहे की ‘भाडेकरू’, हे दोन्ही तपासा. कधीकाळी भाडेकरू ठेवला असेल तर ती नोंद तशीच राहिलेली असू शकते, आणि तिचा फटका क्षेत्रफळाच्या चुकीपेक्षा मोठा बसतो. मग सेल डीड, मंजूर नकाशा आणि ताजी डिमांड जोडून लेखी अर्ज द्या, फेरमोजणी मागा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मोजायला माणूस येईल तेव्हा बंद बाल्कनीही दिसेल, हे धरून चला. दुरुस्ती होईपर्यंत चालू टॅक्स भरत राहा, पावतीसोबत ‘हरकत कायम ठेवून भरणा’ असं पत्र द्या. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, ती ओढवून घेऊ नका.

विक्रीच्या आधी की नंतर? अर्ज आधीच द्या. विक्रीनंतर नावात फेरफार होतो, तेव्हा जुनं क्षेत्रफळ तसंच पुढे सरकतं आणि तुमची चूक त्या नव्या जोडप्याच्या गळ्यात पडते.

नकाशा_वाचक:

विक्रीपत्राबद्दल राहिलं. त्यात बिल्टअप ८२.५० आणि कार्पेट, दोन्ही स्पष्ट लिहा, १०६० लिहू नका. मुद्रांक शुल्क मोबदला आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं, आणि रेडीरेकनरचा दर बिल्टअपच्या चौरस मीटरला असतो. सुपर बिल्टअपचा आकडा पुढे गेला तर मूल्यांकन उगाच वाढेल. इमारतीच्या वयाचा घसाराही मिळतो, तो लावून घ्या. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेत असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, त्या जोडप्याला आठवणीने सांगा.

आणि मोबदला रेडीरेकनरच्या फार खाली नेऊ नका. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर आईंचा भांडवली नफा रेडीरेकनरच्या मूल्यावर मोजला जाईल. न मिळालेल्या पैशांवर आयकर भरावा लागेल.

त्रिमूर्तीनगरची_लेक:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. बाबांना फसवलं नव्हतं, त्या वेळी सगळीकडे सुपर बिल्टअपवरच व्यवहार होत, हे ऐकून तिचा जीव हलका झाला.

सूची २ काढली. शेजारच्या दोन स्कीममधले व्यवहार कार्पेटवर हिशेब केला तर ६,६०० ते ६,९०० फुटाला झालेत. म्हणजे आमचे ५३ लाख जास्त होते आणि त्यांचे सव्वाछत्तीस फारच कमी. आम्ही ४९ सांगितले आहेत, त्यांनी बँकेशी बोलून कळवतो म्हटलंय. बाल्कनीचं आम्हीच स्पष्ट सांगितलं.

उताऱ्यावर वापर ‘स्वतः’च आहे. पण समोरच्या फ्लॅटच्या आजींनी त्यांची डिमांड दाखवली, तिच्यावरही ९८.४८! त्या एकट्या पेन्शनवर राहतात आणि दरवर्षी पहिल्या महिन्यातच टॅक्स भरून मोकळ्या होतात. खालच्या मजल्यावरही तोच आकडा. सगळ्या बारा फ्लॅटचे अर्ज एकत्र द्यायचं ठरवलंय.

आता एकच विचारते. काहींकडे सेल डीडची प्रत सापडत नाही, आणि अविभक्त हिश्श्याचे टक्केही पाहायचेत. हे कुठून मिळेल?

झोन_काउंटर:

दोन्ही दुय्यम निबंधकांकडे मिळतील. डीड ऑफ डिक्लेरेशनची (अपार्टमेंट कायद्याखाली संपूर्ण इमारतीसाठी नोंदवलेल्या घोषणापत्राची) प्रमाणित प्रत मागा, त्यात प्रत्येक फ्लॅटचं क्षेत्रफळ आणि हिस्सा असतो, एकाच प्रतीत बाराही जणांचं काम होईल. त्याचा दस्त क्रमांक आणि वर्ष तुमच्या सेल डीडच्या पहिल्या दोन-तीन पानांत लिहिलेलं असेल. अर्ज मात्र प्रत्येक फ्लॅटचा वेगळा करा, टॅक्सचे इंडेक्स क्रमांक वेगळे असतात. आजींचा अर्ज सगळ्यात वर ठेवा.