पाच फुटी रीफ टँक: उपकरणांची यादी तपासून द्या

खेकडेमहाराज

बरीच वर्षं १२० लिटरचा छोटा रीफ टँक (प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) चालवतोय. मागे अडकवलेला स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारा), एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी खेळतं ठेवणारा पंप), एक एलईडी, बस्स. झोअँथिड, हॅमर कोरल ही प्रवाळं आणि क्लाउनफिशची जोडी मजेत आहे. आता १५० × ६० × ६० सेंमीचा टँक करायचं नक्की केलंय, म्हणजे ५४० लिटर. मुख्यतः एलपीएस (मोठ्या पॉलिपची कठीण प्रवाळं), वरच्या दगडांवर थोडे एसपीएस (छोट्या पॉलिपची) आणि एक यलो टँग मासा.

यादी अशी: तीन एलईडी (मॉडेल ठरलंय), दोन वेव्हमेकर, ताशी ४००० लिटरचा रिटर्न पंप (खालचं पाणी वर टँकमध्ये चढवणारा), ५०० वॉटचा एक हीटर, स्किमर, डोसिंग पंप (कॅल्शियम वगैरे मोजून सोडणारा). सम्प (टँकखालच्या कपाटातली दुसरी टाकी) आजवर वापरलेला नाही. ६० × ४० सेंमीचा बसवला तर भागेल का? कपाटाच्या उरलेल्या भागात मीठ आणि टेस्ट किट ठेवायचे आहेत.

भरतीओहोटी

यादी वाईट नाही, पण उलट्या क्रमाने केलीय. दिवे, वेव्हमेकर, डोसिंग पंप नाही पटले तर उद्या काढून दुसरे लावता येतात. काचेला पाडलेलं भोक हलवता येत नाही. त्यामुळे भोकं कुठे, पाइप केवढे, सम्प केवढा, एवढं टँक बनवायला टाकायच्या आधी कागदावर काढा. आणि भोकं पाडायची ती काच टफन्ड नाही ना, हे बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की चुराच होतो.

आता सम्प. तुमच्या टँकमधलं १ सेंमी पाणी म्हणजे ९ लिटर. वीज गेली, रिटर्न पंप थांबला, की ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं पाणी सम्पकडे सोडणाऱ्या कप्प्याच्या, दात्यांवरचं पाणी खाली उतरतं, आणि रिटर्नच्या नळीतून उलटा सायफन लागतो तो वेगळाच. सगळं मिळून ३ सेंमी उतरलं तरी २७ लिटर, पाइपांतलं धरून तिशीच्या घरात. ६० × ४० च्या सम्पमध्ये तेवढ्याने पाणी साडेबारा सेंमी चढेल. स्किमरला वीस-बावीस सेंमी पाणी लागतं, ते आधीच भरलेलं असतं. ९० × ४५ मध्ये हीच चढ साडेसात सेंमी होते. मीठ दुसऱ्या कपाटात ठेवा.

रिटर्नचं तोंड पाण्याखाली १५ सेंमीवर ठेवलंत तर १३५ लिटर खाली यायला बघतील. ते कुठल्याच सम्पमध्ये मावत नाहीत, सरळ फरशीवर येतात. तोंड दोन सेंमीपेक्षा खोल नको, आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली नळीला एक बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. त्या भोकात कोरलाइन शेवाळ वाढतं, म्हणून अधूनमधून टूथपिक फिरवायची. नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा आणि निर्धास्त राहा, असं सांगणारे भेटतील. त्या झडपेवर क्षार बसतात, एखादी गोगलगाय अडकते, आणि वीज नेमकी त्याच रात्री जाते. हवा तर लावा, पण हिशेब तो नाहीच असं धरून करा.

ओव्हरफ्लोला तीन पाइप सुचवेन. एक पूर्ण भरून वाहणारा, गेट व्हॉल्वने आवरलेला. दुसऱ्यातून नुसती झुळझुळ. तिसरा कोरडा, पहिला तुंबलाच तर असावा म्हणून. बॉल व्हॉल्व नको, त्यात बारीक फिरवाफिरव जमत नाही. नीट बसलं की शेजारी बसून वाचता येईल इतकं शांत चालतं.

पंपाच्या खोक्यावरचे ४००० लिटर शून्य चढावाचे असतात. दीड मीटर वर चढवताना त्यातले निम्मे हाती आले तरी ताशी २००० होतात, टँकच्या जवळजवळ चौपट. पुरे आहे. प्रवाळांना लागणारा प्रवाह वेव्हमेकरने द्यायचा असतो, तो ताशी १४-१६ हजार लिटर धरा. ५०० वॉटचा एकच हीटर मात्र नको. २५० चे दोन घ्या, स्वतंत्र कंट्रोलरवर. एखादा चालूच राहून अडकला तर एवढ्या पाण्यात तासाला अर्ध्या अंशाच्या आत चढेल, तुम्हाला वेळ मिळेल.

निळाई

यादीत ऑटो टॉपअप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं) नाही! उघड्या पाच फुटी टँकमधून दिवसाला चार-सहा लिटर सहज उडतात. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भरायचं तेही आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) गोडंच. सम्पमध्ये पातळी फक्त रिटर्नच्या कप्प्यात घसरते, तेव्हा सेन्सर तिथेच, आणि दोन. टॉपअपची टाकी २५ लिटरपेक्षा मोठी नको. सेन्सर बिघडून सगळी ओतली गेली तरी ६०० लिटरला क्षारता हजारात ३५ भागांवरून ३३.६ वर येईल, कोरल्स एवढं सोसतात. १०० लिटरची ओतली तर थेट ३० वर.

डोसिंग पंपाबद्दल माझं वेगळं मत आहे: आता घेऊच नका. नव्या टँकमध्ये कॅल्शियम ओढणारं असतं कोण? थोडे फ्रॅग (प्रवाळांचे छोटे तुकडे) असतील तोवर पाणी बदलूनच केएच (पाण्याची अल्कलिनिटी, डीकेएचमध्ये मोजतात) ८ च्या आसपास राहतो. रोज एकाच वेळी मोजत जा. दोन मोजण्यांत अर्धा-पाऊण डीकेएच पडायला लागला की तेव्हा आणा.

दिव्यांवरून मात्र भरतीओहोटींशी भांडेन. "नंतर बघू" म्हणालात तर पुढे दिवा टांगायला वर जागाच उरत नाही. एलपीएसला ५०-१५० पार (प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, एसपीएसला २०० च्या वर हवा, म्हणजे दगडांची रचनासुद्धा दिव्याच्या उंचीवर अवलंबून. जाळीचं झाकण आत्ताच धरा, टँग उडी मारतात.

कालव

वजनाचं कोणी बोललंच नाही. पाणी ५५० किलो, काच शंभरच्या वर, त्यात दगड, वाळू, स्टँड आणि भरलेला सम्प. पाऊण टनाच्या पुढे जातंय, तेही सव्वाएक चौरस मीटरहून कमी जागेवर. वरच्या मजल्यावर असाल तर तुळई कुठून जाते ते इंजिनिअरला दाखवूनच जागा ठरवा. आणि भिंतीपासून हात जाईल इतकं अंतर सोडा, पाइप मागेच असणार.

खेकडेमहाराज

तळमजला आहे, त्यामुळे वजनाचं निभावेल. सम्प ९० × ४५ × ४०, तीन पाइप, दोन हीटर, टॉपअप २५ लिटर. डोसिंग पंप खोडला. दिव्यांसाठी छताला दोन हूक आताच मारून घेतो. वीज चार-पाच तास गेली तर?

भरतीओहोटी

सगळ्यात आधी प्राणवायू कमी पडतो, तापमान नंतर. एक वेव्हमेकर डीसीवर चालणारा घ्या, कंपनीची बॅटरी जोडा, आणि त्याचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवा. दिवे, स्किमर, रिटर्न बंद राहिले तरी एवढा वेळ निघतो. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, थेंब सॉकेटमध्ये जात नाहीत. आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ते हीटरच्या आधी घ्या.

टँक आला की मीठ घालायच्या आधी साध्या पाण्यावर चालवून तीन-चार वेळा पंप बंद करा. पाणी कुठवर चढतं बघून, बंद असताना काठाखाली पाच सेंमी तरी उरतील अशा बेताने, चालू असतानाच्या कमाल पातळीची रेघ सम्पच्या काचेवर मारून ठेवा. आकडे इथे टाका, भोकांच्या जागांसह.