टॉमकॅट अद्ययावत केल्यापासून मेमरी पुरत नाही: तपास कुठून सुरू करावा?

अंधेरी_पूर्व

नमस्कार मंडळी. गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्स बिले काढणारे आमचे वेब ॲप्लिकेशन बरीच वर्षे टॉमकॅट ८.५ (जावातली वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) आणि जावा ८ वर विनातक्रार चालत होते. टॉमकॅट ८.५ ला मिळणारे सुरक्षा दुरुस्त्यांचे पाठबळ ३१ मार्च २०२४ रोजी संपल्यामुळे आम्ही नव्या लिनक्स मशीनवर टॉमकॅट १०.१ आणि जावा १७ घेतले. जावाएक्सच्या जागी जकार्ता ही पॅकेजची नावे बदलण्याचे काम सुरळीत झाले. टॉमकॅट सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या जुन्या सेटेन्व्ह फाइलीतला मॅक्सपर्मसाइज हा मेमरी मर्यादेचा पर्याय जावा १७ ओळखतच नाही, त्यामुळे तो काढेपर्यंत सर्व्हर सुरूच होईना. पण तेही निभावले.

खरी अडचण पुढे आली. महिन्याच्या सुरुवातीला बिले निघतात आणि सभासद मोठ्या संख्येने लॉगिन करतात, तेव्हा टॉमकॅट अचानक बंद पडतो. मशीनला ८ जीबी मेमरी आहे आणि मायएसक्यूएलही त्याच मशीनवर आहे. हीपची (ॲप्लिकेशनचा डेटा ज्यात राहतो त्या जावाच्या मेमरीची) कमाल मर्यादा, म्हणजे एक्सएमएक्स, पूर्वीप्रमाणेच ४ जीबी ठेवली होती. ती कमी पडत असावी असे समजून ६ जीबी केली, तर सर्व्हर पूर्वीपेक्षा लवकर पडू लागला. कॅटालिना डॉट आउट या टॉमकॅटच्या नोंदींच्या फाइलीत कोणतीही त्रुटी दिसत नाही, नोंदी मध्येच तुटतात. नव्या टॉमकॅटमध्येच मेमरीची गळती (वापरून झालेली मेमरी न सुटणे) आहे का, की जावा ८ वर परत जावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ठाणे_लोकल

मर्यादा वाढवल्यावर सर्व्हर लवकर पडतो आणि जाताना एक ओळही लिहून जात नाही, या दोन गोष्टींवरूनच बरेच कळते. हीप खरोखर भरला असता तर जावाने आउटऑफमेमरीएरर नोंदवून तक्रार केली असती. नोंद न करता प्रोसेस नाहीशी होते तेव्हा बहुधा लिनक्सच्या कर्नेलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, मशीनची मेमरी संपल्यामुळे ती मारलेली असते. कर्नेलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज किंवा जर्नलसीटीएल वजा के या आज्ञांमध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ शोधा.

एक्सएमएक्स ही संपूर्ण प्रोसेसची मर्यादा नव्हे, ती फक्त हीपची आहे. मेटास्पेस (क्लासची माहिती), कोड कॅश (तयार झालेला मशीन कोड), कचरा गोळा करणाऱ्या, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या, जी१ या कलेक्टरच्या स्वतःच्या नोंदी, डायरेक्ट बफर (हीपबाहेर ठेवलेला डेटा) आणि प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी एक काम करणाऱ्या धाग्याचा) स्टॅक (६४ बिट लिनक्सवर साधारण १ एमबीपर्यंत) हे सगळे त्याच्या बाहेर असते. टॉमकॅटचे कमाल थ्रेड न सांगता २०० असतात, हेही हिशोबात धरा. शिवाय जावा ८ सर्व्हरवर सहसा पॅरलल कलेक्टर वापरत असे आणि जावा ९ पासून जी१ हा मूळ पर्याय झाला, त्यामुळे तोच आकडा लिहूनही प्रोसेसचा एकूण आकार वाढू शकतो. त्यात मायएसक्यूएल शेजारी बसलेला. ८ जीबीच्या मशीनवर ६ जीबीचा हीप म्हणजे तुम्ही कर्नेलला आमंत्रणच दिले आहे.

सध्या हीप ३ जीबीवर आणा. हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर हा पर्याय चालू करा, म्हणजे हीप भरताच त्याची प्रत (डंप) फाइलीत लिहिली जाईल, आणि डंपसाठी पुरेशी रिकामी जागा असलेला फोल्डर द्या. नेटिव्हमेमरीट्रॅकिंग ‘समरी’वर ठेवा, म्हणजे जेसीएमडी या जावाच्या साधनाने हीपबाहेरचा वापर खातेनिहाय दिसेल; त्याने वेग थोडा कमी होतो, म्हणून काम झाल्यावर ते बंद करा. हे पर्याय सेटेन्व्हमधल्या कॅटालिना_ऑप्ट्समध्ये लिहा, जावा_ऑप्ट्समध्ये नको. जावा_ऑप्ट्स शटडाउनच्या आज्ञेलाही लागू होते, म्हणजे सर्व्हर थांबवण्यासाठी उठलेला दुसरा जेव्हीएमही (जावा चालवणारी प्रोसेस) तितकाच हीप मागतो, आणि तोही मेमरी आधीच संपत आलेली असताना!

वाशी_खाडी

आमच्याकडे असेच होत होते, तेव्हा आम्ही रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारे साधन) टॉमकॅट रीस्टार्ट करायला लागलो. तक्रारी थांबल्या. एवढ्या खोलात जाण्याची खरेच गरज आहे का?

ठाणे_लोकल

बिलांचा आठवडा निभावण्यासाठी रीस्टार्टला माझी हरकत नाही, पण त्याने सेशन (प्रत्येक पाहुण्याची सर्व्हरवरची तात्पुरती नोंद) तुटतात आणि कारण झाकले जाते. सभासद वाढले की तोच प्रश्न दुपारी उभा राहील.

अंधेरी_पूर्व

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. डीमेसेजमध्ये जावाची प्रोसेस मारल्याची ओळ होती. हीप ३ जीबी केल्यावर कर्नेलचा हस्तक्षेप थांबला, परंतु आता काही तासांनी ‘जावा हीप स्पेस’ ही त्रुटी येते आणि डंप मिळतो. हीपबाहेरचा वापर स्थिर आहे. एक्लिप्स मॅट या डंप तपासण्याच्या साधनात तो उघडला असता सर्वाधिक मेमरी टॉमकॅटची सेशन सांभाळणाऱ्या स्टँडर्डमॅनेजरने धरलेली दिसते आणि त्याच्याखाली हजारो स्टँडर्डसेशन आहेत. त्या वेळी लॉगिन केलेले सभासद दोन-तीनशेच असतील. ही सेशन कोणाची?

ठाणे_लोकल

आता प्रश्न नेमका झाला. नव्या मशीनच्या पुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरकडे वाटून देणारा) लावला आहे का, आणि असल्यास तो सर्व्हर जिवंत आहे हे कोणते पान मागून तपासतो? वेब डॉट एक्सएमएल या ॲप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइलीत सेशनची मुदत किती आहे, तेही सांगा.

अंधेरी_पूर्व

लोड बॅलन्सर याच वेळी नव्याने आला. तो दर ५ सेकंदांनी लॉगिन डॉट जेएसपी मागतो. मुदत ४८० मिनिटे आहे, कारण सोसायट्यांच्या ऑफिसांतून दिवसभर लॉगिन तुटू नये अशी मागणी होती. लॉगिनचे पान उघडताच सोसायट्यांची संपूर्ण यादी सेशनमध्ये ठेवली जाते. डंपनुसार प्रत्येक सेशन साधारण अर्ध्या एमबीचे आहे.

ठाणे_लोकल

मग हिशोब सरळ आहे. जेएसपी (सर्व्हरवर जावाने तयार होणारे) पान वेगळे सांगितले नसेल तर सेशन तयार करते. लोड बॅलन्सरची तपासणी सेशनची ओळख सांगणारी कुकी परत पाठवत नाही, म्हणून तिची प्रत्येक फेरी टॉमकॅटला नवा पाहुणा वाटते. दर ५ सेकंदांनी एक म्हणजे तासाला ७२०, आणि ८ तासांत ५,७६०. अर्ध्या एमबीने गुणल्यास जवळजवळ २.८ जीबी नुसत्या तपासणीने अडवून ठेवले आहेत. महिन्याच्या सुरुवातीला सभासदांची सेशन आणि बिलांच्या पीडीएफ त्यावर चढतात, म्हणून सर्व्हर नेमका तेव्हा पडतो. टॉमकॅट १०.१ किंवा जावा १७ यांत गळती असल्याचे यातून काहीच दिसत नाही. मशीन बदलताना पुढे आलेली तपासणी हा खरा बदल आहे.

तपासणीसाठी सेशन न उघडणारे वेगळे छोटे पान ठेवा; जेएसपीतल्या पेज डायरेक्टिव्ह या सूचनेत सेशन ‘फॉल्स’ लिहिले की पुरते. सोसायट्यांची यादी सगळ्यांसाठी एकच असेल तर ती सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे सगळ्या सेशनना सामाईक जागेत, एकदाच ठेवा. हा दुसरा बदल मी पहिल्याइतकाच महत्त्वाचा मानतो, कारण उद्या एखादा क्रॉलर (पाने आपोआप उघडणारा प्रोग्राम) लॉगिनच्या पानावर आला तर हेच पुन्हा घडेल. मुदत लॉगिनपूर्वी काही मिनिटांची ठेवून, लॉगिन झाल्यावर सेटमॅक्सइनॲक्टिव्हइंटरव्हलने वाढवता येते; त्यामुळे सोसायट्यांच्या ऑफिसांची मागणीही मोडत नाही. हीप मात्र बिलांची एक फेरी पार पडेपर्यंत ३ जीबीवरच राहू द्या आणि टॉमकॅटच्या मॅनेजर पानावरचा सेशनचा आकडा सभासदांच्या संख्येच्या आसपास राहतो का, ते पाहा.

अंधेरी_पूर्व

दोन्ही बदल चाचणी सर्व्हरवर केले असून सेशनचा आकडा आता वाढत नाही. डंपची फाइल आमच्या बाहेरच्या सल्लागाराला ईमेलने पाठवावी का?

ठाणे_लोकल

मुळीच पाठवू नका. हीप डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेली सभासदांची नावे, फोन नंबर, थकबाकी, एवढेच नव्हे तर डेटाबेसचा पासवर्डही वाचता येण्याजोगा असतो. सल्लागाराला तुमच्याच मशीनवर मॅट उघडून दाखवा आणि काम झाल्यावर फाइल पुसून टाका. आतापर्यंत कोणी ती बघितली असेल, तर डेटाबेसचा पासवर्डही बदला.