शब्दचर्चा : खांदेदार दगडी पातं – कुऱ्हाड, वाकस की कुदळ?

प्रश्न : नागा टेकड्यांतल्या नवाश्मयुगीन शेतीवरच्या मराठी मजकुरात 'शोल्डर्ड सेल्ट'ला काय म्हणावं? 'दगडी कुऱ्हाड' सर्रास दिसतं, 'स्कंधयुक्त परशू'ही वाचलं.

उत्तर १ : 'परशू' नकोच, तो लढाईचा शब्द. सेल्ट म्हणजे घासून धार आणलेलं दगडी पातं. त्याचं काम त्या नावातून कळत नाही. म्हणून आधी 'खांदेदार दगडी पातं' लिहा. पुढे जायचं तर धार पाहा. दोन्ही अंगांनी सारखी उतरती धार बहुधा कुऱ्हाडीची, कारण ती दांड्याच्या रेषेत बसते. एकाच अंगाने उतरती धार दांड्याला आडवी बसवतात; ते वाकस (लाकूड तासायचं अवजार) किंवा कुदळ. दांडा कुजून गेलेला असतो, त्यामुळे हातात पुरावा उरतो तो या उताराचाच. वाकस की कुदळ हे मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ठरवावं लागतं : मातीत चाललेल्या पात्यावर धारेपासून वर जाणारे ओरखडे आणि गुळगुळीत झीज दिसते.

उत्तर २ : 'खांदेदार' हा शब्द घडणही नेमकी सांगतो. पात्याचा वरचा भाग, म्हणजे मान, दोन्ही कडांनी कापून अरुंद करतात आणि तो दांड्यात किंवा दांड्यावर बसवून वेतासारख्या बंधाने आवळतात. खांदे दांड्याला टेकतात. ते नसले तर प्रत्येक घावाला पातं मागे सरकतं, बंध सैल होतो, दांडा चिरतो. दगड मोडतो तो बहुधा मान आणि खांदा मिळतात त्या कोपऱ्यात. कोपरा फार तीक्ष्ण कापला की ताण तिथेच साठतो. घडवताना आधी टवके काढतात, मग गरजेप्रमाणे टोचून पृष्ठ सारखं करतात, शेवटी पाणी आणि वाळू घालून वालुकाश्मावर घासतात. खडकाळ उतारावर धार उडाली की पुन्हा घासायची, म्हणून जुनी पाती आखूड झालेली सापडतात.

उत्तर ३ : शब्दापेक्षा 'नागांचं पारंपरिक अवजार' या विशेषणाला माझा जास्त आक्षेप आहे. लिखित नोंदी सुरू झाल्या तेव्हा नागा शेतकरी लोखंडी दाव (रुंद पात्याचा कोयता) आणि लोखंडी कुदळ वापरत होते. अशी दगडी पाती वीज पडताना आकाशातून येतात असा समज होता. घरी जपलेली अशी पाती जमिनीच्या कोणत्या थरातली, हे कळत नाही. उत्खननाचा आधार हवा तर आसामच्या दिमा हसाओतलं दाओजाली हादिंग घ्या : १९६१-६३च्या उत्खननात दगडी पाती, पाटे-वरवंटे आणि दोरीचे ठसे असलेली खापरं मिळाली. पण ते नागालँड नव्हे, हे लिहायला हवं. शिवाय खांदेदार पात्यांशी आकाराची तुलना होते ती खासी लोकांच्या लोखंडी कुदळीशी. खासी भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातली, नागा भाषा तिबेटी-बर्मी कुळातल्या. दगडावरून वंश ठरवू नये. 'नागा टेकड्यांत सापडलेलं पातं' एवढंच म्हणा.

प्रश्न : आणि 'झूम'ला 'राब' चालेल?

उत्तर १ : नाही. कोकणात राब भाजतात तो रोपांच्या वाफ्यासाठी; जमीन तीच राहते. झूममध्ये जंगलाचा तुकडा तोडून, वाळवून, जाळून एक-दोन वर्षं पेरतात आणि मग पडीक सोडतात. 'झूम' किंवा 'फिरती शेती' लिहा. गडचिरोलीतल्या माडियांचा 'पेंडा' जवळचा आहे, पण तो तिथलाच शब्द. झूममध्ये नांगर नसतो. काठीने भोक पाडून बी टाकण्याला आपला 'टोकण' नेमका बसतो. माती हलवायची तर कुदळ वरवरच चालवायची, खोल उकरली की पहिल्याच पावसात उतारावरून वाहून जाते.